उकळलेला चिखल

भुसारे सर पाहुण्यांना प्रयोगशाळेत नेत तेव्हा आधी खिडक्या लावून घेत, मग पडदे ओढत, मग पंखा बंद करत. विजेच्या प्रयोगाशी पंख्याचा काय संबंध, हे इतकी वर्षं शेजारच्या खोलीत काढूनही मला कळलं नाही. घामाघूम पाहुणे अंधारात दाटीवाटीने उभे राहिले की टेबलावर चिखलाने भरलेल्या काचेच्या बरण्यांची रांग आणि तिच्या टोकाला शर्टाच्या गुंडीएवढा एक हिरवा दिवा दिसे. सर ओठांवर बोट ठेवत आणि दबक्या आवाजात म्हणत, "शांतता. माझी पोरं काम करून राहिली."

पोरं म्हणजे चिखलातले जिवाणू. पाहुणे माना डोलावत. एखादा भाविक हातही जोडे. मग खिडक्या उघडत, पेढे येत, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी पेपरात आतल्या पानावर सरांचा बरणीसकट फोटो येई.

आमचं कॉलेज वारंगा फाट्याहून आत, कळमनुरी तालुक्यात आहे. मी तिथे रसायनशास्त्र शिकवतो. डॉ. पुरुषोत्तम भुसारे सूक्ष्मजीवशास्त्राचे विभागप्रमुख होते, आणि आमच्या दोन प्रयोगशाळांमध्ये एक भिंत आणि एक दार होतं. त्यांना अहो-जाहो करायची सवय माझ्या जिभेला आहे, मनाला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढच्या मजकुरातल्या आदरार्थी अनुस्वारांवरून कोणाचा गैरसमज व्हायला नको.

ज्या विषयावर हा माणूस आयुष्यभर मिरवला, तो विषय मात्र फार देखणा आहे. आपण खातो त्या अन्नातून इलेक्ट्रॉन निघतात आणि श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनला ते देऊन आपण मोकळे होतो. चिखलाच्या तळाशी हवा नसते. तिथले काही जिवाणू हे इलेक्ट्रॉन स्वतःच्या अंगाबाहेर काढतात आणि गंजलेल्या लोखंडाच्या एखाद्या कणावर टाकतात. त्यांच्याजवळ कोळशाचा तुकडा ठेवला तर ते कोळशावर टाकतात. त्या कोळशाला तार जोडून ती वर पाण्यात, हवेजवळ ठेवलेल्या दुसऱ्या कोळशापर्यंत नेली की तारेतून वीज वाहते. अगदी थोडी, पण जिवंत जीवाने स्वतः दिलेली. जिवाणू आणि वस्तू यांच्यातली ही देवाणघेवाण वाढवायची कशी, कोणता पदार्थ ठेवला की ते त्याला घट्ट धरतात, यावर जगभर माणसं डोकं खपवत आहेत. असा विषय भुसारे सरांच्या हाती पडला. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच.

सर पांढरा कोट घरूनच घालून येत. स्कूटरवर तो मागे फडफडत असे. भाजीबाजारात कोट, बँकेत कोट, लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोट. त्या कोटावर चिखलाचा डाग कधी कोणी पाहिला नाही, कारण चिखलाला त्यांनी कधी हातच लावला नाही. तरीही तासातासाने ते कोपरापर्यंत साबण लावून हात धूत आणि हवेत वर धरून वाळवत. समोरून येणाऱ्याला वाटे, आता कोणाचं तरी पोट फाडणार.

बाकीचे लोक पेन ठेवतात त्या खिशात ते वीज मोजायचं मीटर ठेवत. ते त्यांचं खेळणं होतं. लोणच्यात, ताकात, प्राचार्यांच्या लिंबू सरबतात, कशातही त्याची दोन टोकं खुपसून ते आकडा मोठ्याने वाचत आणि विजयी मुद्रेने भोवती बघत. लोणच्यात आकडा येणारच, त्यात जिवाणूंचा काय पराक्रम? पण हे विचारणाऱ्याला ते म्हणत, "आकडा मोठा पाहिजे, गायकवाड. लहान आकड्याला कोणी चहा विचारत नाही." हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. स्वागताच्या भाषणात, निरोपाच्या भाषणात आणि एका शोकसभेतही मी ते ऐकलं आहे.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या या प्रमुखांनी सूक्ष्मदर्शकातून कधी पाहिलं का, याचा उलगडा मला एका खंडेनवमीला झाला. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. सरांनी सूक्ष्मदर्शकाला झेंडूची माळ घातली आणि हळदकुंकवाची बोटं नेमकी डोळा लावायच्या काचेवर उमटवली. मी म्हटलं, "सर, तिथं नको, दिसायचं नाही." ते म्हणाले, "दिसण्यासाठी श्रद्धा लागते." पुढच्या खंडेनवमीला माळ बदलायला प्लास्टिकचं आवरण काढलं, तर मागच्या वर्षीचं कुंकू काचेवर जसंच्या तसं होतं. त्यांनी त्यावरच ताजं लावलं. मी हसत बाहेर आलो, पण खरं सांगायचं तर मला किळस आली होती.

त्यांच्या बरण्यांचं गुपित म्हणाल तर ते गुपित नव्हतंच, उघड्यावर होतं. चिखलात पुरायला ते कोळसा वापरत नसत. कोळशाने आकडा लहान येतो. ते वापरत कुंपणाची जाळी, फाट्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती चकचकीत. त्या जाळीवर जस्ताचा मुलामा असतो. ओल्या चिखलात जस्त विरघळतं, विरघळताना वीज देतं आणि अंगावर पांढरा थर धरतं. टॉर्चच्या सेलमध्येही जस्त हेच काम करतं. थोडक्यात, सरांनी काचेच्या बरणीत एक गबाळा सेल केला होता आणि श्रेय चिखलातल्या पोरांना देऊन ठेवलं होतं. तो पांढरा थर चिमट्याने उचलून ते पाहुण्यांना दाखवत, "ही बघा, जिवाणूंची वसाहत!" काही महिन्यांत जाळी खाल्ली जाऊन हातात तुकडे येत. मग सर म्हणत, "पोरांना भूक फार," आणि नवी जाळी मागवत.

मी एकदा तो थर माझ्याकडे आणून तपासला आणि दार ठोठावून त्यांना सांगितलं, "सर, ही वसाहत नाही. जस्ताचा गंज आहे."

त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "गायकवाड, तुम्ही निर्जीव वस्तूंची माणसं. तुम्हाला सगळीकडं गंजच दिसणार."

दुसऱ्या दिवशी मधल्या दारापुढे त्यांनी कपाट सरकवलं. प्राचार्यांकडे मी दोनदा गेलो, तेव्हा ते म्हणाले, "दिवा लागतो ना? मग कशाला?" उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि आमच्याकडे खळखळाटालाच खोली समजायची पद्धत आहे.

सेनगावच्या एका शेतकरी मेळाव्यात तर त्यांनी विहिरीवरची मोटार चिखलावर चालवून दाखवायचं कबूल केलं. टाळ्या पडल्या. मागून एक म्हातारा उठला. "सर, तुमच्या कॉलेजात लाईट गेल्यावर चिखलावरच चालतंय का समदं?"

"लवकरच चालणार!"

"मग आवंदा नवं जनरेटर काहून घेतलं?"

लोक खो खो हसले. सरही हसले, सगळ्यांत मोठ्याने, आणि म्हणाले, "बघा, माझ्या शेतकऱ्याला किती जिज्ञासा आहे!" या माणसाला लाज चिकटत नसे. तेल लावलेल्या हाताला पाणी लागत नाही तसं.

इथवर मी त्यांना हसत होतो. नसरीन आल्यावर माझं हसू संपलं.

नसरीन डोंगरकड्याची. तिच्या अब्बांचा केळीचा व्यापार, बागा ठरवायच्या आणि घड उतरवून ट्रक भरून द्यायचे. मुलगी एम. एस्सी.ला पहिली आली, पीएच. डी.ला नाव घालते म्हणाली, आणि अब्बांनी तिच्या मामूंना निक्षून सांगितलं की पोरीच्या नावापुढे डॉक्टर लागेपर्यंत घरात कोणतंही स्थळ आणायचं नाही. त्यावरून घरात बरीच बोलाचाली झाली होती, पण अब्बा हलले नाहीत. विषयाला जिल्ह्यात मार्गदर्शक एकच, त्यामुळे ती भुसारे सरांच्या हाती सापडली.

तिने विषय फार चांगला उचलला होता. घड उतरवल्यावर केळीचा दांडा फेकून देतात. तो जाळून त्याचा कोळसा करायचा, सरांच्या जाळीवर त्याचा लेप द्यायचा, आणि जिवाणू त्याला अधिक घट्ट धरतात का, इलेक्ट्रॉन अधिक देतात का ते बघायचं. चिखल तिच्याच गावच्या केळीच्या बागेतल्या पाण्याच्या चारीचा. काळा, वास मारणारा, जिवंत. ती स्वतः हातांनी काढून आणायची. सर नाकाला रुमाल लावून लांबून सांगायचे, "थोडं डावीकडचं घे."

लेप जाड दिला, पातळ दिला, नाही दिला, आकडा फारसा हलेना. दुसऱ्या एखाद्याने, आकडा मोठा येतोय ना, म्हणत पुढचं प्रकरण लिहायला घेतलं असतं. नसरीनला झोप येईना. एक दिवस तिने सरांकडे निर्जंतुक करायच्या यंत्राची किल्ली मागितली. हे यंत्र म्हणजे एक मोठा प्रेशर कुकर. त्यात वाफवलं की आतलं सगळं जिवंत मरतं. आमच्या कॉलेजात त्या यंत्रात सरांनी फक्त भुईमुगाच्या शेंगा उकडल्याचं मला आठवतं, तेही स्टाफरूमसाठी.

"कशाला पाहिजे किल्ली?"

"चिखल उकळून बघते सर. जिवाणू मेल्यावर वीज बंद झाली, म्हणजे ती त्यांचीच होती. इतकंच बघायचंय."

सरांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. "आपली पोरं आपणच मारायची? ज्यांच्या जिवावर तुला पदवी मिळणार, त्यांना तू उकळतेस?" आणि त्यांनी किल्ली कोटाच्या आतल्या खिशात घातली.

हळद शिजवायचे दिवस होते. आमच्या भागात हळद काढली की शेतात ट्रॅक्टरमागे कुकर येतो. एक मोठी टाकी पाणी उकळते आणि तिची वाफ नळीने चार पिंपांत जाते. पिंपात कच्ची हळद घालायची आणि शिजली की ताडपत्रीवर ओतायची. सगळं शिवार त्या वासाने भरून जातं. नसरीनच्या मामूंच्या शेतात तो कुकर आला होता. तिने घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे घेतले, त्यात चारीचा चिखल भरला आणि मामूंच्या हातापाया पडून एका पिंपात हळदीच्या जोडीला ते डबेही शिजायला घातले. एकदा वाफवून सगळं मरत नाही, म्हणून कुकर शिवारात होता तोवर लागोपाठ काही दिवस तिने हेच केलं. हळद वेचणाऱ्या बायका विचारायच्या, "काय गं नसरीन, चिखल शिजवून कोणाला वाढून राहिली?"

"सरांना," ती म्हणायची.

त्या चिखलात जिवंत काही उरलं नाही, याची खात्री तिने माझ्या खोलीत करून घेतली. थेंब पोषक थरावर टाकून ठेवला, काही उगवलं नाही. मग ताज्या जाळ्या घालून तिने बरण्या भरल्या आणि मीटर लावलं. एका दुपारी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली, पण आत येईना.

"सर," ती म्हणाली, "मेलेल्या पोरांनी बी तितकीच वीज दिली."

जाळीचं मी तिला आधीच सांगायला हवं होतं. मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. म्हणाली, "इतकी वर्षं मी जाळीचा अभ्यास करून राहिले होते सर. माझ्या प्रबंधात एक बी जिवाणू न्हाई."

बरण्या घेऊन ती सरांकडे गेली. मला मुद्दाम सोबत नेलं. सरांनी आकडे पाहिले नाहीत. त्यांनी बरण्या उजेडात धरल्या, आणि एका बरणीला पिवळी झाक दिसताच त्यांचा चेहरा उजळला. "हळद! यात हळद पडलीय. प्रयोग बाद."

"एकाच डब्याचं झाकण ढिलं होतं सर. बाकीच्यात न्हाई पडली."

"वास तर आत गेला ना?"

"हळदीच्या वासानं वीज येत न्हाई सर."

"मला शिकवतेस?" ते ओरडले. मग आवाज मऊ करून, कोटाच्या गुंड्या नीट करत म्हणाले, "हे बघ बाई. हे डबे प्रबंधात येणार नाहीत. जिवंत बरण्यांचे आलेख तयार आहेत. ते लाव, मी सही करतो. थोड्याच दिवसांत तू डॉक्टर. अब्बा किती खूश होतील! नाहीतर बस उकळत. गेलेली वर्षं गेली, आणि दुसरा मार्गदर्शक या जिल्ह्यात नाही."

डॉक्टर व्हायला तिला फक्त गप्प बसायचं होतं. तेही कोणाला कळलं नसतं. ती म्हणाली, "न्हाई सर. मला माहीत नव्हतं तवर ठीक होतं." आणि तिने एकेक बरणी उचलून बाहेर नेली.

त्यानंतर भुसारे सरांनी जे केलं, ते मी विसरू शकत नाही. त्यांनी तिला रागावलं असतं, तिची तक्रार केली असती, तर मी समजू शकलो असतो. त्यांनी तिची गंमत केली. स्टाफरूममध्ये, परीक्षेच्या कामाला, नांदेडच्या बैठकांत, जिथे जातील तिथे ते "आमची हळदीवाली बाई" असा किस्सा सांगू लागले. "चिखलाचा हळदी समारंभ केला हो तिने!" लोक हसायचे. शिपाईसुद्धा तिला बघून हळदीवाली म्हणायला लागले. जिचं लग्न या प्रबंधापायी थांबून होतं, त्या मुलीच्या मागे ही थट्टा लावून द्यायला माणूस किती हलका असावा लागतो!

तिचे अब्बा एकदा मला भेटायला आले. कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "गायकवाड सर, सही मिळून राहिली होती अन् पोरीनं नको म्हणलं. एकच सांगा. हट्टाला पेटली का खरं बोलून राहिली?"

"खरं बोलतेय," मी म्हणालो.

"मग झालं." ते उठलेच. "गाडीत वर केळीची चांगली फणी अन् खाली काळी भरणारे व्यापारी लई बघितले आमी. दोन फेऱ्या चालतंय ते." मग दारात थांबून म्हणाले, "तिच्या मामूला मी बघून घेतो. तुमी तिला जागा तेवढी द्या बसायला."

मी माझ्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा दिला. माझा यात वाटा तेवढाच. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मॅडमनी तिला विद्यार्थिनी म्हणून घेतलं, आणि नसरीनने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी धातूचा तुकडासुद्धा चिखलात नव्हता. कोळशाचं कापड, त्यावर केळीच्या दांड्याच्या कोळशाचा लेप, आणि बाजूला उकळलेल्या चिखलाची बरणी. आता हळदीच्या दिवसांत तिचे मामूच निरोप पाठवत, "कुकर आलाय, डबे घेऊन ये." पहिले कित्येक दिवस दोन्ही बरण्या सारख्याच मुक्या होत्या. मग जिवंत बरणीचा आकडा हळूहळू चढायला लागला. चढून तो थांबला तरी सरांच्या जाळीपुढे तो काहीच नव्हता, दिवा लागला नसता. पण उकळलेली बरणी मुकीच राहिली. लेप बदलला की आता आकडाही बदले. त्या दिवशी नसरीन खिडकीशी बसून कितीतरी वेळ त्या दोन बरण्यांकडे बघत होती. मी चहा सांगितला. लहान आकड्याला चहा मिळालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मधल्या काळात भुसारे सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी खिडक्या बंद झाल्या, पडदे ओढले गेले, नव्या जाळीवर हिरवा दिवा कधी नव्हे इतका झगमगला आणि प्राचार्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सुटलो.

नसरीनच्या तोंडी परीक्षेला ते पहिल्या रांगेत हजर होते. कोट होताच. बाहेरून आलेले परीक्षक मोजकं बोलणारे गृहस्थ होते. नसरीनने आकडा सांगितला, तसे सर मोठ्याने हसले. "एवढ्याशा विजेवर काजवासुद्धा पेटायचा नाही! माझ्या वेळी दिवा लागत होता." मागच्या रांगांतून दोघातिघांनी त्यांना साथ दिली. अब्बा दाराशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

परीक्षक सरांकडे वळलेच नाहीत. त्यांनी नसरीनला विचारलं, "आणि उकळलेल्या चिखलात?"

"काही न्हाई सर. शून्याच्या आसपास."

"किती वेळा बघितलं?"

"दर हळदीच्या हंगामात सर."

ते हसले आणि त्यांनी हातातली फाईल मिटली. म्हणाले, "मग ही वीज त्यांचीच आहे. माझा दुसरा प्रश्न नाही." मी भुसारे सरांकडे पाहत होतो. ते परीक्षकांकडे पाहत होते, आणि त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, पाठ करताना पोरांची होते तशी. त्याचा अर्थ मला नंतर लागला.

नंतर म्हणजे मागच्या उन्हाळ्यात. नसरीनला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. तिला नांदेडहून गाडी धरायची होती आणि मला नांदेडला पेपर तपासायला जायचं होतं, म्हणून आम्ही दोघं वारंगा फाट्यावर एसटीची वाट बघत एका हॉटेलात बसलो होतो. अब्बा बॅगांपाशी उभे होते. ट्रकांच्या हॉर्नमधूनही एक आवाज मला ओळखता आला.

बाहेरच्या टेबलावर पांढरा कोट. समोर कुठल्याशा हायस्कूलचे दोन तरुण शिक्षक. टेबलावर खोक्यात चिखलाची बरणी. निवृत्तीनंतर सर शाळाशाळांतून चिखलाची वीज दाखवत फिरतात, हे मी ऐकून होतो.

"पहिली अट कोणती?" सर हातातलं भजं वर धरून विचारत होते. "उकळून बघा! एका बरणीत जिवंत चिखल, दुसऱ्यात उकळलेला. मेल्यावर वीज बंद झाली, तरच ती त्यांची. याला म्हणतात विज्ञान! हे मी माझ्या विद्यार्थिनीला सांगितलं. यंत्राची सोय नव्हती, तर मीच म्हणालो, बाई, हळदीच्या कुकरमध्ये घाल."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी उठलोच होतो. नसरीन हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सर." तेवढ्यात त्यांनी आम्हाला पाहिलं. दुसरा कोणी असता तर त्याच्या हातातलं भजं गळालं असतं. सरांनी ते तोंडात टाकलं आणि हाक मारली.

"अरे वा! ही बघा, हीच ती. डॉक्टर नसरीन! ये बाई. सांग यांना, उकळून बघ म्हणून तुला कोणी सांगितलं होतं?"

ती त्यांच्या टेबलापाशी गेली. मी वाट बघत होतो. इतक्या वर्षांचं हळदीवाली, हळदी समारंभ, सगळं आता ती त्या दोघांसमोर ओतेल आणि हा कोट एकदाचा उतरेल, असं मला मनापासून हवं होतं.

"तुमीच सर," नसरीन म्हणाली.

सरांनी शिक्षकांकडे पाहिलं. नसरीन खोक्यावर वाकली आणि बरणी निरखू लागली. "जाळी तीच का सर?"

"तीच! यांच्या शाळेसाठी मुद्दाम नवी आणलीय."

"मग सर म्हणून राहिले तसं कराच तुमी," ती शिक्षकांना म्हणाली. "आजच. अर्धा चिखल उकळा, अर्धा ठेवा. दोन्हीत हीच जाळी घाला, अन् दोन्हीचा आकडा मांडा. डब्याचं झाकण तेवढं घट्ट लावा."

मी सरांच्या चेहऱ्याकडे डोळे लावून होतो. आता कुठेतरी भीतीची रेघ उमटेल, डोळे चुकतील, विषय बदलेल. काही झालं नाही. "बराबर!" ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "उकळाच! आजच उकळा!" त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

इतकी वर्षं मी या माणसाला लबाड समजत होतो. त्या क्षणी तेही त्याच्याकडून काढून घ्यावं लागलं. लबाडाला निदान खरं काय ते ठाऊक असतं. यांना ते कधी हवंच नव्हतं. परीक्षकांचं वाक्य त्यांनी पाठ केलं होतं, पण ते आपल्याच बरणीला लागू पडतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एसटी आली. अब्बांनी बॅगा चढवल्या, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली उतरून उभे राहिले. मला खिडकीजवळ जागा मिळाली. नसरीनने मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. चहूकडून हॉर्न वाजवणाऱ्या ट्रकांच्या गर्दीत भुसारे सर बरणीवर हाताचा आडोसा धरून, ओठांवर बोट ठेवून उभे होते. एक शिक्षक मान डोलावत होता. दुसऱ्याने खिशातून पेन काढलं होतं आणि तो तळहातावर काहीतरी लिहून घेत होता.